हेन्री ड्यूनंट : रणांगणांतील जखमींचे कैवारी

पांढऱ्या कापडावरील तांबडा क्रूस ही खूण आतां आपल्या खेड्यापाड्यांतही अनोळखी राहिलेली नाहीं. महापूर, भूकंप किंवा एखादी सांथ आली म्हणजे ही खूण दंडावर बांधलेलीं माणसें कोठें ना कोठें दृष्टीस पडतात. पुष्कळांची समजूत अशी कीं, ही एखाद्या ख्रिस्ती मंडळीची अथवा दवाखान्याची खूण असावी. वस्तुतः ती एका लढाईच्या दुःखांतून निघाली; आणि ज्या गृहस्थांच्या खटपटीमुळें ती निघाली ते वैद्य नव्हते, शिपाई नव्हते, आणि पाळकही नव्हते. ते एक व्यापारी होते, व त्या लढाईजवळच्या गांवीं ते पोंचले तेही आपल्याच धंद्याच्या कामासाठीं. त्यांचें नांव हेन्री ड्यूनंट. त्यांच्या आयुष्यांत यश व अपयश हीं एकमेकांत इतकीं गुंतलेलीं आहेत कीं, त्यांची हकीकत साधेपणानें सांगितली तरी ती पुष्कळ शिकवून जाते.

ड्यूनंट यांचा जन्म स्वित्झर्लंड देशांतील जिनीव्हा शहरीं ८ मे १८२८ रोजीं झाला. धर्मसुधारक कॅल्व्हिन यांच्या कार्यामुळें हें शहर प्रॉटेस्टंट मंडळ्यांस चांगलें ठाऊक आहे. त्यांचे वडील व्यापारी असून अनाथ मुलें व तुरुंगांतून सुटलेले कैदी यांच्या साह्याचें काम करीत. आई गोरगरिबांच्या व दुखणाइतांच्या समाचारास जात असे. मुलगा शाळेंत हुशार निघाला नाहीं. अभ्यास न साधल्यामुळें त्याला विद्यालय सोडावें लागलें व एका पेढीवर उमेदवारी करावी लागली. परंतु घरीं मिळालेलें वळण सुटलें नाहीं. ड्यूनंट अठरा वर्षांचे असतांनाच गरिबांस मदत करणाऱ्या एका मंडळाचे सभासद झाले. पुढें कांहीं तरुण मित्रांस जमवून त्यांनीं पवित्र शास्त्राचें वाचन व गरिबांची विचारपूस हा क्रम सुरू केला. १८५२ सालीं त्यांनीं जिनीव्हा येथें तरुण ख्रिस्ती जनांची संस्था, म्हणजे वाय्. एम्. सी. ए., स्थापिली; आणि १८५५ सालीं पॅरिस येथें निरनिराळ्या देशांतील अशा संस्था एकत्र आल्या त्या कामींही त्यांची खटपट मोठी होती. देशादेशांतील माणसांस पत्रें लिहून, भेटून, एका विचारावर आणण्याची हातोटी त्यांना तेथेंच साधली.

व्यापारानिमित्त ते उत्तर आफ्रिकेंतील अल्जीरियांत जाऊं लागले. तो मुलूख तेव्हां फ्रान्सच्या ताब्यांत होता. तेथें पिठाच्या गिरण्या चालविण्यासाठीं त्यांनीं एक कंपनी काढली व तींत आप्तमित्रांचाही पैसा घातला. परंतु लागणाऱ्या जमिनीचा व पाण्याचा हक्क कांहीं केल्या मिळेना. सरकारी अंमलदार दाद देईनात. शेवटीं खुद्द बादशहा तिसरे नेपोलियन यांच्याच कानांवर गोष्ट घालावी असें ठरवून ते निघाले. बादशहा त्या वेळीं आपल्या फौजेबरोबर उत्तर इटलींत होते.

इटलीच्या उत्तरेकडील लोंबार्डी प्रांत त्या काळीं ऑस्ट्रियाच्या अंमलाखालीं होता. त्यावरून सार्डिनियाचा राजा व ऑस्ट्रिया यांच्यांत युद्ध जुंपलें होतें व फ्रान्स सार्डिनियाच्या साह्यास आला होता. २४ जून १८५९ रोजीं सॉल्फेरिनो गांवाच्या टेकड्यांभोंवतीं दोन्ही बाजूंचीं सैन्यें भिडलीं. सुमारें तीन लक्ष शिपाई त्या दिवशीं रणांत होते. पहांटे सुरू झालेली लढाई सुमारें पंधरा तास चालली. ऊन कडक, पोटांत अन्न नाहीं, प्यावयास पाणी नाहीं, अशा स्थितींत माणसें लढत होतीं. सायंकाळीं वादळी पाऊस आला व ऑस्ट्रियाचें सैन्य मागें हटलें. मेलेले, जखमी व बेपत्ता मिळून सुमारें ४०,००० माणसांची हानि झाली होती.

त्याच संध्याकाळीं ड्यूनंट जवळच्या कास्तिल्योने गांवीं पोंचले. रणभूमीवरून जखमींच्या गाड्या तेथें येऊं लागल्या होत्या. थोड्याच वेळांत दवाखाने, देवळें, मठ, शाळा, घरें, अंगणें व रस्ते जखमींनीं भरून गेले. गवत पसरून त्यावर त्यांना निजवीत. सैन्याबरोबरचे वैद्य हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. गांवांतील मोठ्या मंदिरांत सुमारें पांचशें शिपाई दाटीनें पडले होते, आणि आणखी शंभर मंदिरासमोर गवतावर होते. जखमा चिघळलेल्या, त्यांवर माशा घोंघावत आहेत, कोणी पाणी मागत आहे, कोणी आईचें नांव घेत आहे, असा तो देखावा होता.

ड्यूनंट यांस वैद्यकी येत नव्हती. त्यांनीं अंगांतील प्रवासाचे पांढरे कपडे तसेच ठेवून कामास हात घातला. गांवांतील स्त्रियांस व मुलींस गोळा करून त्यांनीं जखमा धुण्याचें, पट्ट्या बांधण्याचें व पाणी पाजण्याचें काम वांटून दिलें. लहान मुलगे झऱ्यांवरून बादल्या भरभरून पाणी आणूं लागले. आपल्या गाडीवानास त्यांनीं ब्रेशिया शहरीं पाठवून लिंबें, संत्रीं, साखर, सदरे, पट्ट्यांचें कापड, टांचण्या, स्पंज, औषधी फुलें व तंबाखू इतकें सामान आणविलें. जे मरणाच्या दारीं होते त्यांचे शेवटचे निरोप ते लिहून घेत व त्यांच्या घरीं पाठवीत. त्या गर्दींत फ्रेंच होते, इटालियन होते, अल्जीरियाचे अरब होते आणि ज्यांच्याशीं लढाई झाली ते ऑस्ट्रियाच्या बाजूचे जर्मन, हंगेरियन व क्रोएटही होते. ड्यूनंट यांनीं पाणी देतांना कोणाचा गणवेष पाहिला नाहीं. प्रथम गांवकऱ्यांस हें नवल वाटलें. पण त्यांचें पाहून स्त्रियाही शत्रूकडील जखमींची तशीच सेवा करूं लागल्या, आणि हे सर्व आपले भाऊच आहेत असें एकमेकींस म्हणूं लागल्या.

येथवर ही गोष्ट दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यासारखीच दिसते, आणि पुष्कळ सांगणारे ती येथेंच संपवितात. परंतु ड्यूनंट यांचें मोठेपण यापुढें आहे. त्यांनीं जें केलें त्याहून जें साधलें नाहीं त्याचाच विचार ते करीत बसले.

त्यांनीं पाहिलें तें असें. गांवांत पाणी होतें व अन्नही होतें. तरी माणसें तहानेनें व भुकेनें मेलीं, कारण तें त्यांच्या तोंडापर्यंत नेणारे हात नव्हते. जखमांवर बांधण्यास कापूस व कापड होतें. पण बांधतां येणारीं माणसें थोडीं होतीं. ज्यांचा पाय वेळेवर कापला असता तर जीव वांचला असता, ते नंबर येईपर्यंत दगावले. जखमींस दुसऱ्या गांवीं हलविण्यास पुरेशा गाड्या नव्हत्या. पहिल्या दिवशीं जे गांवकरी उत्साहानें धांवून आले, ते पुढें थकले. रोजची दुर्गंधि व आक्रोश सोसणें सर्वांच्या आवाक्यांतलें नव्हतें. एके वेळीं ऑस्ट्रियाचें सैन्य परत येत आहे अशी खोटी आवई उठली, तेव्हां लोकांनीं घाबरून घरांचीं दारें लावून घेतलीं. आणि सर्वांत विचित्र गोष्ट ही कीं, ऑस्ट्रियाचे वैद्य कैदेंत बसून होते, व त्यांचेच देशबांधव बाहेर वैद्यावांचून मरत होते. ड्यूनंट यांनीं खटपट केली, तेव्हां कोठें बादशहांच्या हुकमानें ते वैद्य मोकळे झाले.

दाखल्यांतील शोमरोनी मनुष्य कनवाळू होता, यांत शंका नाहीं; पण त्याच्याजवळ तेल व द्राक्षारस होता, जखमी माणसास बसविण्यास जनावर होतें, पुढें एक उतारशाळा होती, आणि तिच्या धन्यास द्यावयास पैसे होते. यांतलें कांहींच नसतें तर त्याचा कळवळा त्या वाटेवरच संपला असता. सॉल्फेरिनो येथें कळवळा पुष्कळांस आला. तेल, जनावर व उतारशाळा यांची तजवीज मात्र आधीं कोणीं केली नव्हती. ड्यूनंट यांच्या मनानें हीच गांठ घेतली.

घरीं परतल्यावर कांहीं काळ ते आपल्या धंद्याच्या विवंचनेंत होते. परंतु तो देखावा डोळ्यांपुढून हालेना. शेवटीं त्यांनीं सॉल्फेरिनोच्या आठवणींचें एक लहानसें पुस्तक लिहिलें व १८६२ सालीं स्वतःच्या खर्चानें त्याच्या १,६०० प्रती छापविल्या. युरोपांतील राजे, मंत्री, सेनापति व विद्वान यांस त्या पाठविल्या. पुस्तकाच्या शेवटीं दोन सूचना होत्या. पहिली ही कीं, प्रत्येक देशांत शांततेच्या काळींच स्वयंसेवकांचीं मंडळें असावीं. त्यांनीं शुश्रूषा शिकून व सामान सांठवून तयार राहावें, म्हणजे युद्ध पेटल्यावर धांवपळ होणार नाहीं. दुसरी ही कीं, सर्व राष्ट्रांनीं अगोदरच करार करून जखमींस व त्यांची सेवा करणारांस अभय द्यावें. एकींत तयारी होती, दुसरींत संरक्षण. तयारी नसेल तर मदत उशिरां पोंचते. संरक्षण नसेल तर ती पोंचतच नाहीं.

या सूचनांस विरोधही झाला, व तो केवळ कठोर माणसांकडून झाला असें नाहीं. क्रिमियाच्या युद्धांत जखमींची सेवा करून प्रसिद्ध झालेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंस असें वाटलें कीं, आपल्या शिपायांची काळजी घेणें हें सरकारचें कर्तव्य आहे. तें स्वयंसेवकांनीं उचललें तर सरकारें निश्चिंत होतील व युद्ध करणें त्यांस आणखी सोपें जाईल. कित्येक सेनाधिकाऱ्यांस वाटे कीं, हे हौशी लोक रणांत अडचण मात्र करतील. या शंका निरर्थक नव्हत्या, आणि मदत करणाऱ्या संस्थांस आजही त्यांचें उत्तर द्यावें लागतें. ड्यूनंट यांचें म्हणणें एवढेंच होतें कीं, युद्धें बंद होत नाहींत तोंवर त्यांत पडलेल्या माणसानें वाट पाहत पडून राहूं नये.

जिनीव्हा येथील लोकहिताच्या मंडळाचे अध्यक्ष गुस्ताव्ह म्वान्ये हे कायदेपंडित व मोठे व्यवस्थाकुशल गृहस्थ होते. त्यांनीं हें पुस्तक वाचून विषय हातीं घेतला. फेब्रुवारी १८६३ मध्यें पांच जणांची एक समिति नेमली गेली. तींत म्वान्ये, सेनापति द्यूफूर, डॉक्टर आपिया, डॉक्टर मोन्वार व ड्यूनंट हे होते. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत १६ राज्यांच्या प्रतिनिधींची परिषद जिनीव्हा येथें भरली. जखमींचे सेवक तटस्थ मानले जावे ही कल्पना राजांस पटणार नाहीं असें म्वान्ये यांस वाटत होतें. ड्यूनंट यांनीं मात्र ती सोडली नाहीं. ते राजधान्यांतून फिरले, मंत्र्यांस भेटले, आणि परिषदेनें ती कल्पना उचलून धरली. ओळखण्याची खूण म्हणून पांढऱ्यावर तांबडा क्रूस ठरला. तो स्वित्झर्लंडच्या निशाणाचे रंग उलट केल्यासारखा आहे. कोणा एका धर्माची खूण म्हणून तो स्वीकारलेला नाहीं.

२२ ऑगस्ट १८६४ रोजीं १२ राज्यांनीं जिनीव्हाच्या करारावर सह्या केल्या. त्यांत अवघीं दहा कलमें होतीं. लष्करी दवाखाने व तेथील वैद्य, सेवक, पाळक यांस तटस्थ समजावें. जखमी व आजारी शिपाई कोणत्याही राष्ट्राचा असो, त्यास उचलून त्याची शुश्रूषा करावी. आणि जो गांवकरी जखमींस मदत करील त्यास उपद्रव देऊं नये, जखमी ज्या घरांत असेल त्या घरास रक्षण मिळावें, असें त्यांत ठरलें. कास्तिल्योनेच्या ज्या बायामुलांनीं आपल्या घरांचीं दारें उघडलीं होतीं, त्यांच्यासारख्यांसाठीं हें शेवटचें कलम होतें. सह्या करणारांत मात्र ड्यूनंट यांचें नांव नव्हतें.

यानंतर तीन वर्षांतच त्यांचें दैव फिरलें. दुसऱ्यांच्या दुःखाकडे लक्ष देतां देतां त्यांनीं स्वतःच्या धंद्याकडे दुर्लक्ष केलें होतें, व ज्या धंद्यांत लोकांचे पैसे होते तो बुडाला. १८६७ सालीं त्यांचें दिवाळें निघालें. ज्या पतपेढीचे ते एक संचालक होते तीही बसली, व पुढल्या वर्षीं न्यायालयानें त्यांस फसवणुकीच्या व्यवहाराबद्दल दोषी धरिलें. पुष्कळ मित्रांचें नुकसान झालें होतें. जिनीव्हाच्या सभ्य समाजांत ही गोष्ट क्षम्य नव्हती. त्यांस समितींतून निघावें लागलें. म्वान्ये व ते यांचें पुढें कधींच जुळलें नाहीं. ड्यूनंट यांनीं जन्मगांव सोडलें तें कायमचेंच. चरित्रकारानें ही बाजू झांकूं नये. दया मोठी असली तरी हिशेबाची जबाबदारी तिच्यामुळें माफ होत नाहीं, हें त्यांच्या घेणेकऱ्यांस चांगलें ठाऊक होतें.

तरी त्यांच्या मनांतील ओढ संपली नाहीं. १८७०-७१ सालीं फ्रान्स व जर्मनी यांचें युद्ध झालें, तेव्हां ते पॅरिसमध्यें होते व तेथें मदतीचें काम करीत होते. त्या युद्धांत कराराची पहिली मोठी कसोटी लागली, आणि त्यांतील उणीवा दिसल्या. अनेक शिपायांस व अधिकाऱ्यांसही तांबड्या क्रूसाचा अर्थ ठाऊक नव्हता, आणि कित्येकांनीं स्वतःच्या बचावासाठीं त्याचा गैरवापर केला. करार कागदावर असून भागत नाहीं. तो शेवटच्या शिपायास शिकवावा लागतो, हा धडा त्यांतून मिळाला. शिवाय करारांत जखमींची सोय होती, युद्धकैद्यांची नव्हती. म्हणून कैद्यांस माणुसकीनें वागवावें यासाठीं ड्यूनंट यांनीं नंतरचीं कित्येक वर्षें सभा भरविल्या व पत्रें लिहिलीं. यश आलें नाहीं, आणि गरिबी वाढत गेली. डगल्याच्या विटलेल्या कडा शाईनें काळ्या करून व कॉलर खडूनें पांढरी करून ते लोकांत जात. कधीं रस्त्यांत पावाचा तुकडा खाऊन दिवस काढीत.

१८८७ सालीं ते स्वित्झर्लंडच्या पूर्वभागांतील हायडेन नांवाच्या डोंगरी गांवीं राहावयास आले. १८९२ पासून तेथल्या लहानशा इस्पितळांतील एक खोली हेंच त्यांचें घर झालें. डॉक्टर आल्टहेर यांनीं त्यांची काळजी घेतली. जग त्यांस मेलेलेंच समजत होतें. १८९५ सालीं गेओर्ग बाउम्बेर्गर नांवाच्या एका पत्रकारानें त्यांची हकीकत छापली, तेव्हां युरोपभर खळबळ झाली व मानपत्रें येऊं लागलीं. १९०१ सालीं शांततेचें नोबेल पारितोषिक प्रथमच दिलें गेलें, तें ड्यूनंट व फ्रान्सचे फ्रेडरिक पासी यांस मिळून. त्या पैशांतून त्यांनीं स्वतःच्या सुखासाठीं कांहीं घेतलें नाहीं. ते त्याच खोलींत राहिले.

उतारवयांत त्यांचें मन चर्चसंस्थांपासून दुरावलें होतें, व आपल्या पुरण्याच्या वेळीं कोणताही विधि होऊं नये अशी त्यांनीं इच्छा दर्शविली. ३० ऑक्टोबर १९१० रोजीं ते वारले, आणि झुरिक शहरांतील स्मशानभूमींत त्यांस साधेपणानें पुरण्यांत आलें. म्वान्येही त्याच वर्षीं कांहीं महिने अगोदर वारले होते. ड्यूनंट यांनीं मृत्युपत्रांत हायडेनच्या इस्पितळांत गांवांतील गरिबांसाठीं एक खाट कायमची मोफत राहावी यासाठीं रक्कम ठेविली, व स्वित्झर्लंड आणि नॉर्वे येथील परोपकारी संस्थांस देणग्या दिल्या.

त्यांचें अपुरें राहिलेलें काम पुढल्यांनीं थोडें थोडें पुरें केलें. युद्धकैद्यांसाठीं ते झटले, त्याचा स्वतंत्र करार १९२९ सालीं झाला. दुसऱ्या महायुद्धांत शिपायांपेक्षांही निःशस्त्र लोकांची हानि अधिक झाली, तेव्हां १९४९ सालीं चार करार होऊन त्यांतील चवथा केवळ सामान्य रहिवाशांच्या रक्षणासाठीं केला गेला. हे चार करार आतां जगांतील सर्व राज्यांनीं मान्य केले आहेत. तुर्कस्तानानें १८७६ पासून तांबड्या क्रूसाऐवजीं तांबडी चंद्रकोर वापरली, व पुढें तीही मान्य झाली. आपल्या देशांत १९२० सालीं कायदा होऊन भारतीय रेड क्रॉस संस्था स्थापन झाली. ड्यूनंट यांचा जन्मदिवस ८ मे हा जगभर रेड क्रॉस दिन म्हणून पाळतात.

इतकें होऊनही युद्ध पेटलें कीं तेच प्रश्न पुन्हां उभे राहतात. धान्य असतें, पण वाटेवरचा नाका तें सोडीत नाहीं. औषधें असतात, पण वैद्य पळालेले अथवा धरलेले असतात. दवाखान्यावर खूण असूनही गोळे पडतात. आपल्या बाजूच्यास द्यावें व दुसऱ्यास देऊं नये, असें दडपण मदत करणारावर येतें. सॉल्फेरिनोच्या तीन दिवसांत जें दिसलें त्याहून यांत निराळें कांहीं नाहीं. करारांमुळें हीं दुष्कृत्यें थांबलीं असें कोणीं म्हणूं नये. मात्र तीं दुष्कृत्यें आहेत, राजाचा हक्क नव्हेत, हें त्यांमुळें लिहून ठेवलें गेलें, आणि त्या लेखाच्या आधारानें कितीएक लक्ष माणसें वांचलीं.

आपल्या गांवांत तोफा वाजत नाहींत; पण पूर येतो, आग लागते, पटकी येते, आणि कधीं दोन आळ्यांत मारामारीही होते. अशा वेळीं रडणारे पुष्कळ असतात व धांवणारेही असतात. परंतु ज्या मंडळींत उकळलेलें पाणी, स्वच्छ कापड, एक गाडी आणि जखम बांधण्यास शिकलेले चार तरुण आधींच तयार असतात, तेथेंच माणूस वांचतो. आणि पाणी देतांना आळी विचारावयाची नाहीं असें आधींच ठरलेलें असेल तर तो निश्चित वांचण्याची आशा असते. जिनीव्हाच्या त्या दिवाळखोर व्यापाऱ्यानें जगास हेंच सांगितलें, आणि राजांस तें ऐकावें लागलें. खेड्यांतील पंचांस व शिक्षकांस तें अमलांत आणणें त्याहून पुष्कळ सोपें आहे.